फ्लोराताईंनी नापास केलेला भोवरा

फ्लोराताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. आमच्या ब्लॉकखालून रस्ता ओलांडला की सिंगापुरातलं तोआ पायोहचं मार्केट लागतं. तिथल्या मासेवाल्यासमोर एक उंच, सडपातळ बाई उभी होती. फिकट निळं सुती पातळ, हातात जुनं घड्याळ, खांद्याला कापडी पिशवी. मासेवाल्या चिनी अंकलने पापलेट उचलून काट्यावर ठेवायला घेतलं, तर ही बाई चक्क मराठीत म्हणाली, "आधी रिकामा दाखव."

आता त्या अंकलला मराठी कुठून येणार? पण बाईंचं बोट काट्याच्या तबकाकडे होतं, आणि बोट असं काही रोखलेलं की त्याला बरोबर समजलं. तबकावर बर्फाचा चुरा राहिला होता. त्याने फडक्याने तबक पुसलं, आकडा शून्यावर आला, मग बाईंनी मान हलवली. पापलेट चढलं. अंकल हसून म्हणाला, "ओके, बॉस." त्या दिवसापासून त्या लांबून दिसल्या तरी तो आधी तबक पुसायला घ्यायचा. आणि गंमत म्हणजे, पुढे पुढे मी एकटी गेले तरी पुसायचा.

सिंगापूरला येऊन मला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, आणि मी लिफ्टमध्ये कुणी मराठी बोलतंय का म्हणून कान टवकारून फिरणारी. मी तिथेच त्यांना गाठलं. आडनावाच्या शेवटी 'कर' होतं, गाव रेवदंड्याजवळचं, आणि राहायला कुठे, तर आमच्याच मजल्यावर, तीन दारं सोडून. मी लगेच गुरुवारच्या सत्यनारायणाचं आमंत्रण देऊन टाकलं. त्या म्हणाल्या, "आम्ही बेने इस्राएल. ज्यू. पूजेला बसायची नाही मी. पण जेवण शाकाहारी असेल तर जेवायला येईन, आणि शिरा तू केलेला असेल तर कृती विचारीन."

आल्या, जेवल्या, आणि खरंच कृती विचारली. मी सांगितलं, मीठ चिमूटभर. तर म्हणाल्या, "कुणाची चिमूट? तुझी की माझी?" त्यांनी माझी बोटं हातात घेऊन पाहिली, स्वतःची बाजूला धरली. "बघ. दुप्पट फरक आहे."

तेव्हा मला कळलं की या बाईंची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली होती. आधी अलिबागला कारकून म्हणून लागल्या, मग खात्याची परीक्षा देऊन निरीक्षक झाल्या. त्या काळात बाई निरीक्षक म्हणजे लोक बघायला यायचे. मखमल लावलेली लाकडी पेटी, तिच्यात पितळी वजनं बसवलेली, ती शिपायाच्या हातात आणि शिपाई मागे, असं एसटीने या बाजारातून त्या बाजारात जायचं. दुकानदारांचे काटे, किलोची-पावकिलोची लोखंडी वजनं, तेलाची, रॉकेलची मापं, सगळं तपासायचं. बरोबर असेल तर वजनाच्या बुडाशी भोकात भरलेल्या शिशावर ठसा ठोकायचा. नसेल तर नापास. त्या म्हणायच्या, "शिक्का मारला की तो माझा शब्द. उद्या गरोदर बाई त्या वजनाने डाळ घेणार, ती काय मला विचारायला येणार आहे?"

मी एकदा विचारलं, तो ठसा आहे का हो तुमच्याकडे, बघायचाय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चोर म्हणाले. निवृत्तीच्या दिवशी सकाळीच तो खात्यात जमा केला होता, सत्काराच्या आधी. "ठसा सरकारचा. घरी आणला असता तर मग मी कुणाचं माप तपासायचं?"

पण सवय थोडीच जमा करता येते. कुठलीही वस्तू हातात घेतली की तळहातावर दोनदा हलकेच झेलायच्या आणि पुटपुटायच्या, दोनशे चाळीस. घरी जाऊन मी वजन केलं की दोनशे पस्तीस ते दोनशे पंचेचाळीसच्या मधे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खालच्या खाण्याच्या गाळ्यांवर, कॉफीचा कप आला की डोळ्यांच्या रेषेत धरून पाहायच्या. औषधाच्या बाटलीचं टोपण, तांदळाचा मग, इस्त्रीची घडी. यांचा मुलगा डॅनियल आंग मो किओला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत इंजिनियर. तो म्हणायचा, "मावशी, लहानपणी मला ताप आला की आई थर्मामीटरही दोन लावायची. एकाने दुसरा तपासायला."

आता हनुकाचं सांगते. आपल्या दिवाळीनंतर महिना-दीड महिन्याने येतो हा सण. आठ संध्याकाळी रोज एक दिवा वाढवत न्यायचा. फ्लोराताईंच्या खिडकीत पेल्यांची ओळ असायची, त्यात खोबरेल तेल आणि कापसाच्या वाती. समोरच्या दारातल्या चिनी बाई दर वर्षी न चुकता विचारायच्या की दीपावली तर फिनिश झाली, मग परत कशाला लावता? पण परत लावल्याबद्दल त्यांची तक्रार नसायची, कारण तळणीचा वाटा त्यांच्या घरीही जायचा. हनुकात तेलात तळलेलं खायचं असतं. या घरात वडे आणि घारगे व्हायचे.

फ्लोराताई सांगायच्या की मुळात त्यांच्या बापजाद्यांना हा सण ठाऊकच नव्हता. ते लोक कोकणाच्या किनाऱ्याला लागले ते फार जुन्या काळी, त्यांच्याकडे नव्याचा सण होता, खिरीचा सण होता, पण हनुका नव्हता. तो खूप पुढे बाहेरून आलेल्या शिकवणाऱ्यांनी सांगितला. आणि हनुकात भोवरा खेळतात हे तर फ्लोराताईंना सिंगापूरला येऊन कळलं. सून शेरनने इथल्या सिनेगॉगच्या, म्हणजे यांच्या देवळाच्या, मुलांच्या वर्गातून पिशवीभर प्लास्टिकचे भोवरे आणले होते. चार बाजूंचा भोवरा, प्रत्येक बाजूवर एक अक्षर. ड्रेडल म्हणतात त्याला. मधे सगळ्यांनी एकेक दाणा ठेवायचा आणि आळीपाळीने भोवरा फिरवायचा. पडला की वरच्या अक्षराप्रमाणे करायचं. फ्लोराताईंनी त्या चार अक्षरांना आपली नावं देऊन टाकली होती: रिकामा, सगळं, अर्धं, भर. रिकामा आला तर काही नाही, सगळं आलं तर मधला ढीग तुमचा, अर्धं तर अर्धा, आणि भर आलं तर आपल्यातला एक दाणा मधे घालायचा. दाणे म्हणजे या घरात चिंचोके.

सणामागची गोष्ट शेरननेच मला सांगितली. देवळात दिव्याचं शुद्ध तेल उरलं होतं एका दिवसाचं, आणि ते आठ दिवस पुरलं. मी आपली भक्तिभावाने ऐकत होते. फ्लोराताई वडे तळता तळता म्हणाल्या, "पहिल्या दिवशी माप कुणी घेतलं होतं?"

"आई, चमत्कार आहे तो," डॅनियल म्हणाला.

"मी कुठे नाही म्हणते? पण आधी किती होतं ते मोजलं असेल, तरच आठ दिवस पुरलं हा चमत्कार. म्हणजे तिथे कुणीतरी माझ्यासारखा बसलेला असणार." आणि त्यांनी अशा अभिमानाने वडा उलटला की जणू त्या देवळात तेलाचं माप घेणारा माणूस यांच्याच खात्यातला.

तशी तेलाशी यांची ओळख जुनी. यांचे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी काम बंद, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणायचे. फ्लोराताईंच्या घरच्या तेलाला गिऱ्हाईक लांबून यायचं, कारण माप भरून वर दोन थेंब पडायचे.

तर ते प्लास्टिकचे भोवरे. पहिल्या वर्षी सगळे चटईवर बसले, चिंचोके वाटले, नात नेओमी हात शिवशिवत बसलेली, आणि फ्लोराताई म्हणाल्या, "थांबा. तपासलेत का?"

डॅनियल म्हणाला, "आई, जत्रेतलं खेळणं आहे ते."

"जत्रेतच जास्त फसवतात."

झालं. वही आली. वहीवर चार रकाने. एकेक भोवरा शंभर वेळा फिरवायचा आणि कुठली बाजू किती वेळा वर येते त्याच्या रेघा ओढायच्या. फ्लोराताईंचं गणित असं, की प्रत्येक बाजू पंचविसाच्या आसपास यायला हवी. अठरा ते बत्तीस चालेल, त्याला खात्यात सूट म्हणतात. त्याच्या बाहेर गेला की नापास. सात भोवऱ्यांपैकी सहा नापास झाले. वडे गार झाले, नेओमी उशीला टेकून झोपायच्या बेतात आली, पण सातवा, एक हिरवा भोवरा, पास झाला आणि मग खेळ सुरू झाला.

खेळात पहिल्याच डावात नेओमीचं 'अर्धं' आलं आणि मधे होते सात चिंचोके. तीन की चार, यावरून बाप-लेकीची जुंपली. फ्लोराताई उठल्या, माझ्याकडून अडकित्ता मागून आणला आणि सातव्या चिंचोक्याचे दोन तुकडे केले. एक तुकडा लांब दाराशी उडाला. त्यांनी दोन्ही शोधून तळहातावर झेलले आणि नेओमीला म्हणाल्या, "कुठला घेतेस? एक जरासा जड आहे."

"आजी, यू आर टू मच, लाह," नेओमी म्हणाली, पण जड घेतला.

आणखी एक सांगायचं राहिलं. फ्लोराताईंइतका कमनशिबी खेळाडू मी पाहिला नाही. भोवरा पास असो वा नापास, यांच्या हातून पडला की 'भर'. पाव तासात यांच्यापुढचे चिंचोके संपायचे. मग पदर खोचून बसायच्या आणि बाकीच्यांचा खेळ पंचासारखा बघायच्या. हरण्याचं दुःख नाही. पण दर वेळी म्हणायच्या, "भोवरा बरोबर आहे ना, मग झालं."

तो हिरवा भोवरा दोन हनुका टिकला. तिसऱ्या वर्षाच्या आधी आवराआवरीत कुणीतरी कागदात गुंडाळलेल्या कचऱ्याबरोबर तो स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या नळकांड्यात टाकला. बारा मजले खाली. कुणी टाकला हे आजवर कुणी कबूल केलेलं नाही, पण डॅनियल त्या दिवशी फार शांत होता.

नेओमी तेव्हा तेरा वर्षांची झाली होती. शाळेत त्यांना सुतारकामासारखा एक विषय असतो, करवत, पॉलिश पेपर वगैरे. तिने कुणाला न सांगता तीन महिने खपून लाकडाचा भोवरा केला. हनुकाच्या पहिल्या संध्याकाळी तो आजीच्या हातात ठेवला. काय सुंदर होता म्हणून सांगू. मधासारखा रंग, चारी अक्षरं कोरून त्यात काळी शाई भरलेली, आणि वरच्या दांड्यावर अगदी बारीक मराठी अक्षरांत 'आजी'. मराठी लिहायची पोरीला सवय नाही, 'जी'ची वेलांटी उलट्या बाजूला गेली होती. शाळेत या भोवऱ्याला वरची श्रेणी मिळाली होती.

फ्लोराताईंनी तो तळहातावर दोनदा झेलला. आणि त्यांचा चेहरा किंचित बदलला. तो बदल मला दिसला, शेरनला दिसला, नेओमीला दिसला नाही. ती म्हणत होती, आता खेळू या. फ्लोराताई म्हणाल्या, आज वड्यांनी पोट जड झालंय, उद्या खेळू. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच तपासणी पुढे ढकललेली मी पाहिली.

शेरनने मला स्वयंपाकघरात ओढलं. "मावशी, तुमचं ऐकतील. त्यांना सांगा, हा एक नका तपासू. तीन महिने जीव लावून केलाय पोरीने."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लॉकखालच्या बाकावर त्यांना गाठून तसं सांगितलंही. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या धाकट्या भावाचं, एलायजाचं सांगितलं. एलू म्हणायच्या त्याला. रेवदंड्याला त्याचं तेलाचं दुकान होतं, बापाकडून आलेलं. फ्लोराताई नव्या निरीक्षक झाल्या तेव्हा त्या भागाची तपासणी त्यांच्याकडे आली. बाजाराचा दिवस होता. सगळी दुकानं तपासत तपासत त्या भावाच्या दुकानाशी आल्या. वगळलं असतं तर सगळा बाजार बोलला असता. लिटरच्या मापाच्या बुडाला पोचा होता, बूड आत गेलेलं. तेवढं तेल कमी. एलू म्हणाला, कालच हातातून पडलं. पडलंही असेल. पण माप नापास झालं, भर बाजारात, शनिवार तेल्याच्या दुकानात, सख्ख्या बहिणीच्या सहीने.

"तेव्हापासून एलू माझ्या घरची पायरी चढला नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याच्या मातीला आला, दारात उभा राहिला, तसाच गेला. आता ठाण्याला असतो मुलीकडे."

मी म्हणाले, मग तर हा भोवरा राहू द्याच. एक भाऊ गमावलात, आता नात गमावायची आहे का?

"राहू दिला, तर तिला मी खोटं सांगितलं असं होईल. आणि तिला ते कळणार, कुसुम. रोज खेळणार ना ती त्याच्याशी."

दुसऱ्या संध्याकाळी दिवे लावून झाले आणि वही आली. नेओमी हसतच समोर बसली. तिला खात्रीच होती. पहिल्या वीस वेळांत अकरा वेळा 'सगळं' आलं. डॅनियल म्हणाला, "अरे, हा तर मस्त भोवरा आहे. सगळ्यांना सगळं मिळणार."

"सगळ्यांना सगळं मिळालं की मधे काय उरणार?" फ्लोराताई म्हणाल्या आणि फिरवत राहिल्या. शंभर झाले. 'सगळं' एक्कावन्न. 'भर' सहा.

त्यांनी वही नेओमीकडे वळवली, कारण मालकाला आकडे दाखवायचे असतात. आणि म्हणाल्या, "नापास."

पोरगी उठली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "यू नेव्हर इव्हन से थँक यू." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. शेरन कधी सासूला उलट बोलली नव्हती. त्या दिवशी वड्यांची परात तिने ओट्यावर जरा जोरातच ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर फ्लोराताई स्वयंपाकघरात एकट्या बसलेल्या. समोर पाण्याने भरलेलं पातेलं, आणि पाण्यात तो भोवरा तरंगत होता. त्या बोटाने त्याला हलकेच फिरवायच्या, सोडायच्या. तो डुलायचा, आणि दर वेळी तीच बाजू पाण्याखाली जायची. 'भर'ची.

"इथे गाठ आहे लाकडात," त्या म्हणाल्या. "आत. बाहेरून दिसत नाही. ही बाजू जड, म्हणून खाली बसते, आणि समोरची वर येते. पोरीचा काही दोष नाही."

मी म्हटलं, मग तिला सांगा की.

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "आमच्या खात्यात निरीक्षकाने दुरुस्ती करायची नसते. दुरुस्त करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. नाहीतर स्वतःच दुरुस्त करायचं आणि स्वतःच पास करायचं. चांगला नियम आहे. एलूच्या मापाला आतून लाकडी ठोकळा लावून दोन ठोके घातले असते तर पोचा निघाला असता. मला माहीत होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. नियमात नव्हतं."

दारात नेओमी उभी होती. सुट्टीतल्या शाळेच्या सरावाहून आलेली, पाठीला दप्तर. किती ऐकलं कोण जाणे. तिने पातेल्याकडे पाहिलं. मग स्वतः बोट बुडवून भोवरा फिरवला. 'भर' खाली गेली. परत फिरवला. परत तेच.

"सो हाउ?" ती म्हणाली.

फ्लोराताईंनी पाटावर जागा करून दिली.

मी तिथून निघाले, त्यामुळे पुढचं मला थोडं थोडं दिसलं. रोज दुपारी दोघी त्या पातेल्यावर वाकलेल्या. गाठीच्या बाजूने बारीक भोक पाडायचं, भुसा काढायचा, मेणाने तोंड बुजवायचं, पाण्यात सोडायचं, बघायचं. मधे शनिवार आला, तेव्हा पातेलं पालथं. फ्लोराताई शनिवारी रेघसुद्धा ओढत नाहीत. नेओमी नुसती भोवरा हातात घेऊन बसली होती. एकदा मी दारावरून जाताना ऐकलं, नेओमी विचारत होती, "देन आफ्टर दॅट हाउ? तो भाऊ कधीच आला नाही?" आजी काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

आठव्या संध्याकाळी मला बोलावणं आलं. आठही पेले पेटलेले, खिडकी उजळलेली, सगळे चटईवर. फ्लोराताईंनी वही माझ्यापुढे ठेवली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"हे काय?" मी म्हटलं.

"मी दुरुस्तीला हात लावला. आता तपासणी मला चालत नाही. डॅनियल तिचा बाप, शेरन आई. तू परकी आहेस. तू बस."

आणि त्या उठून खिडकीशी गेल्या, दिव्यांकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. माझ्यावर त्यांच्या नजरेचा दाब नको म्हणून.

खरं सांगते, मी सातवी शिकलेली बाई. सहीपलीकडे कुणी माझ्याकडून काही लिहून घेतलं नव्हतं. भोवरा फिरवायचा आणि रेघ ओढायची, इतकंच, पण मी पेन्सिल दोनदा पदराला पुसली. मनात मी पास आधीच ठरवून टाकलं होतं. शंभर झाले. मी रेघा मोजल्या. रिकामा बावीस, अर्धं पंचवीस, भर वीस, आणि सगळं तेहतीस. एकाने जास्त. मी परत मोजले. तेहतीसच. फ्लोराताईंची पाठ तिकडे. एक रेघ पुसायला कितीसं लागतं? माझा अंगठा त्या रेघेवर गेलासुद्धा असेल.

नेओमी माझ्या हाताकडे बघत होती. अगदी हळू म्हणाली, "कुसुमआजी, डोन्ट एनीहाऊ पास." म्हणजे उगाच कसंही करून पास करू नका.

मी मोठ्याने वाचलं. "सगळं, तेहतीस."

डॅनियल म्हणाला, एकाने काय होतंय. खिडकीशी उभ्या असलेल्या फ्लोराताई वळल्या नाहीत. पण त्यांची पाठ मला दिसत होती ना. ती पाठ अशी ताठ झाली, जशी झेंड्याला सलामी देताना होते.

नेओमी भोवरा घेऊन स्वयंपाकघरात गेली. पॉलिश पेपरचा आवाज येत राहिला, मग पाण्याचा. दिवे अर्ध्यावर आले तेव्हा ती परत आली आणि भोवरा माझ्यापुढे ठेवून मांडी घालून बसली. आणखी शंभर. या वेळी माझा अंगठा कुठल्याच रेघेकडे गेला नाही. चोवीस, सत्तावीस, सव्वीस, तेवीस. मी आकडे वाचले आणि म्हटलं, "पास."

फ्लोराताई वळल्या. आधी माझ्याकडे आल्या, वही घेतली, चारही रकाने पाहिले, खाली मला सही करायला लावली. मग नेओमीसमोर बसल्या आणि भोवरा तळहातावर दोनदा झेलला. "आता थँक यू म्हणते," त्या मराठीतच म्हणाल्या. "त्या दिवशी म्हटलं असतं तर ते लाकडाला म्हटलं असतं."

मग चिंचोके वाटले. पहिला मान आजीचा. त्यांनी भोवरा फिरवला. भर. पुढच्या फेरीत भर. तिसऱ्या फेरीत रिकामा, तर नेओमी टाळ्या वाजवून म्हणाली, प्रगती आहे. मग परत भर. दहा मिनिटांत त्यांच्यापुढची चटई साफ झाली. डॅनियल हसून हसून लोळायचा बाकी होता. आणि फ्लोराताई, पदर खोचून, रिकामे हात मांडीवर ठेवून सगळ्यांना सांगत होत्या, "बघा. माझ्या नावाचा भोवरा आहे, पण मलाही सोडत नाही."

त्यानंतर तीन महिन्यांनी त्या ठाण्याला जायला निघाल्या. लाँग टर्म व्हिजिट पासची मुदत अजून शिल्लक होती, डॅनियल राहा म्हणत होता. त्या नाही म्हणाल्या. एलूला फोन केला होता. तो काय बोलला ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या की जाऊन बघते.

चांगीला आम्ही सगळे गेलो होतो. काउंटरवर बॅग ठेवायच्या आधी त्या थांबल्या. काउंटरमागच्या मुलीला काही कळेना. फ्लोराताईंनी रिकाम्या पट्ट्याकडे बोट केलं, तेच बोट. मुलीने आकड्याकडे पाहिलं, शून्य. मग फ्लोराताई वाकल्या, काट्याच्या बाजूला चिकटवलेला तपासणीचा कागद शोधला, त्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. मगच बॅग चढली.

आत जायच्या दारापाशी त्यांनी पर्स उघडून मला एक पुडकं दाखवलं. हातरुमालात दुसरा एक लाकडी भोवरा होता. नेओमीनेच केलेला, एलूसाठी. दांड्यावर 'मामा' कोरलेलं, बाप म्हणतो तसंच.

मी विचारलं, "हा कितीत पास झाला?"

"हा तपासला नाही," फ्लोराताई म्हणाल्या.

"तुम्ही? न तपासता?" मी म्हटलं.

"ठोकळा आणि हातोडी त्याच्याकडे असेल अजून, ते माप असेल तर पोचा कसा काढायचा ते आता सांगेन. वही मी घेतलीय. हा भोवरा तो तपासणार. मी पाठ करून उभी राहीन."

त्यांनी तो तळहातावर झेलला नाही. तसाच रुमालात गुंडाळला, पर्सची चेन ओढली, नेओमीच्या केसांवरून हात फिरवला आणि आत गेल्या. उंच, सरळ, निळं पातळ, मागे वळून न बघता. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं होतं तशाच, पाठमोऱ्या.